तू कोणावर गेलीस गं?

भुताखेतांना मी कधी घाबरले नाही. लहानपणी वाड्यात लाइट गेले की आम्ही मुद्दाम जिन्याखालच्या अंधारात जाऊन बसायचो. भीती वाटायची ती संध्याकाळी साडेसहाला, खाली बाबांची स्कूटर आली की. स्टँड हळू लागला तर संध्याकाळ बरी जायची. खाडकन लागला तर मुकाट्याने पुस्तकं उघडून बसायचं.

त्यामुळे कॉलेजात ‘ड्रॅक्युला’ वाचून झोप उडालेल्या मैत्रिणींचं मला हसू यायचं. मला गाठलं ते स्टीव्हन्सनच्या जेकिल आणि हाइडने, तेही चाळिशीत. १८८६ सालचं, एका दुपारी वाचून होईल एवढंच पुस्तक. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणूनच वाचायची राहून जाते. सज्जन डॉक्टर जेकिल औषध पितो, त्याचा राक्षस हाइड होतो, वगैरे. पण ऐकीव गोष्टीत एक प्रसंग नसतो. जेकिल सकाळी स्वतःच्याच पलंगावर जागा होतो. रात्री झोपला तो जेकिल म्हणूनच. अर्धवट झोपेत पांघरुणावरच्या आपल्या हाताकडे त्याची नजर जाते. त्याचा हात मोठा, गोरा, देखणा. हा वाळका, शिरा वर आलेला, केसाळ. हाइडचा.

तिथे मी पुस्तक मिटलं.

त्याच आठवड्यात नऊचा पाढा चुकला म्हणून मी लेकीची कंपासपेटी भिंतीवर भिरकावली होती. झाकण एकीकडे, कर्कटक कपाटाखाली. आणि माझा वर गेलेला हात मला दिसला होता. अंगठ्यापासून मनगटापर्यंत ताठलेली ती शीर मी ओळखते. बाबांची.

पुढे वाचायला दोन दिवस गेले. मग सुरुवातीचाच एक प्रसंग पुन्हा काढून वाचला. पहाटे तीनला हाइड रस्त्यात आठ-दहा वर्षांच्या एका मुलीला तुडवून जातो. लोक त्याला पकडतात, तर भरपाईच्या चेकवर सही जेकिलची! हाइडने करायचं, जेकिलने निस्तरायचं, आणि मग दोघांनी निवांत झोपायचं. आमच्याकडे चेक नव्हता, क्रीमरोल होते. आदल्या रात्री घर हादरलं असेल तर दुसऱ्या दिवशी बाबा बेकरीतून क्रीमरोल आणायचे. मी त्या रात्री पिझ्झा मागवला. पिढीगणिक प्रगती म्हणायची ती एवढीच.

कबुलीजबाबाच्या शेवटी जेकिल हाइडला ‘तो’ म्हणतो. ‘मी’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. अगदी ‘तो मी नव्हेच’. आपल्याकडे तर भाषेनेच ही सोय करून ठेवलीय. आपण रागावतो कुठे? आपल्याला राग ‘येतो’. पाहुण्यासारखा बाहेरून येतो, भांडी फोडून निघून जातो. “अंगात येतं त्यांच्या, मनाने सोनं आहे हो,” हे आईचं वाक्य मी शंभरदा ऐकलंय.

स्टीव्हन्सनच्या एडिंबरोच्या घरात, तो लहान असताना त्याच्या खोलीत एक कपाट होतं. ते बनवणारा ब्रोडी नावाचा सुतार दिवसा नगरसभेतला मानकरी आणि रात्री घरफोड्या. १७८८ मध्ये त्याला फाशी झाली. रोज त्या कपाटाशेजारी झोपणारं पोर मोठेपणी असलं काही लिहिणारच. माझं कपाट स्कूटरवर यायचं.

शेवटी जेकिलची पूड संपते. नवी आणतो तर तिने काहीच होत नाही. मग त्याच्या लक्षात येतं की पहिल्या पुडीत काहीतरी भेसळ असणार, आणि गुण त्या भेसळीचाच होता. ती काय होती ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. बाबांचा रागही बायपासनंतर असाच नाहीसा झाला. नक्की कशाने, ते घरात कोणालाच ठाऊक नाही. आता ते नातीला मांडीशी घेऊन पाढे म्हणवून घेतात. नव सक चोपन्नला ती अडखळली की तेही मुद्दाम अडखळतात.

परवा तिने मला विचारलं, “आजोबा बघ, कधीच ओरडत नाहीत. तू कोणावर गेलीस गं?”

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.