लाळेऱ्याच्या नाडीची कटकट
परभणीच्या बाजारात नातवासाठी लाळेरे घ्यायला गेले की दुकानदार ससे, हत्ती आणि चांदण्या दाखवतो. पण ते मानेमागे अडकवायचे कशाने, हे विचारणारी मीच त्याला विचित्र वाटते. नाडीचे लाळेरे मी घेत नाही, कारण वळवळणाऱ्या बाळाच्या मानेवर घाईत निरगाठ बसते आणि ते काढायचे विसरून बाळ झोपले तर तीच नाडी गळ्याला आवळू शकते. वेल्क्रो ओढताच सुटतो, हे खरे; मात्र त्याचे बारीक हुक (ही कल्पना स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचली, आपल्याकडच्या गोखरूसारखाच त्रास!) धुण्यात झबल्याचे धागे ओढतात आणि त्याची कडक कड मानेच्या घडीतल्या घामोळ्यांवर घासते. राहिले टिचबटण. दुहेरी कापडावर पक्के ठोकलेले असेल तर तेच उत्तम. पण मिळते ते पातळ कापडावरचे, चार धुण्यांत सैल होणारे, म्हणजे निखळले की थेट बाळाच्या तोंडात. "मावशी, सगळे हेच नेतात," हे उत्तर ठरलेले. परवा अखेर जुन्या सुती साडीचे लाळेरे घरीच शिवले; आता टिचबटण ठोकून द्यायला शिंप्याचा आठ दिवसांचा वायदा आहे.