गोष्ट विकताना चतुःसीमा लिहून घ्या

बीड, लातूर, परभणी, धाराशिवकडची बोली, ऊसतोडीचं जगणं, दुष्काळ, जत्रा हे सगळं आता मराठी सिनेमाला आणि वेब मालिकांना हवं आहे. चांगलंच आहे. पण ज्यांच्याकडून ही गोष्ट जाते, त्यांच्या हातात बहुतेक वेळा थोडं टोकन आणि "बाकीचं रिलीजच्या वेळी बघू" एवढंच राहतं. कायदा लेखकाच्या बाजूने बराच भक्कम आहे, आपणच तो वापरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक एकर रान विकताना आपण सातबारा, फेरफार, चतुःसीमा सगळं तपासतो. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ गोष्टीसाठी तेच मागतं. हक्क देताना करार लेखी हवा, त्यावर सही हवी. कोणती कथा, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे त्यात आलं पाहिजे. मुदत लिहिलीच नसेल तर हक्क पाच वर्षांपुरताच गेला असं कायदा धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. आणि कथा घेऊन निर्माता वर्षभर काहीच केलं नाही असा बसला, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास तो हक्क आपोआप संपतो. म्हणूनच छापील मसुद्यात "कायमस्वरूपी", "संपूर्ण विश्वात", "आजच्या व उद्याच्या सर्व माध्यमांसाठी" हे शब्द आधीच टाकलेले असतात. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करार झाला तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचा हक्क त्या माध्यमाचा खास उल्लेख असल्याशिवाय जात नाही. तरीही ती ओळ खोडा आणि लिहा: एक चित्रपट, एक भाषा. रिमेक, हिंदी डबिंग, मालिका आणि पुस्तक यांचे हक्क लेखकाकडे. हवे असतील तर वेगळे पैसे.

हप्ते असे बांधा: सहीच्या दिवशी एक, पहिला खर्डा दिल्यावर दुसरा, चित्रीकरण सुरू व्हायच्या आत शेवटचा. बुडतो तो "प्रदर्शनानंतर" लिहिलेलाच हप्ता, कारण सिनेमा पडला की निर्मात्याकडे पैसे नसतात आणि चालला की वेळ नसतो. टीडीएस (मोबदल्यातून आधीच कापलेला आयकर) कापला असेल तर आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत तो दिसतो का, तेही बघा.

गोष्ट ऐकवायला जाण्याआधी पटकथा लिहून काढा. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात हे स्पष्ट केलं आहे. संरक्षण मिळतं ते मांडणीला: प्रसंगांची रचना, पात्रं, संवाद. हक्क लिहिल्या क्षणी तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची नोंदणी ५०० रुपयांत होते. अर्जानंतर हरकतीसाठी ३० दिवस थांबावं लागतं. न्यायालयात ही नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते. पुरावा म्हणून पटकथेचं बंद पाकीट स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवण्याचा प्रकार अजून चालतो. त्यावर विसंबू नका.

आपल्या पोरांना "फक्त भाषा दुरुस्त करून द्या" म्हणून बोलावतात. पुणेरी संवाद परळीच्या माणसाच्या तोंडी बसवायचे म्हणजे ते बहुतेक नव्यानेच लिहावे लागतात. ते संवादलेखनच आहे, त्याचं श्रेय आणि पैसे आधीच ठरवा. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही आपण लेखक असल्याचा दावा लेखकाकडेच राहतो.

गाण्यांचं थोडं वेगळं. एकनाथांचं भारूड, जनाबाईंचे अभंग सगळ्यांचे आहेत, कुणालाही घेता येतात. पण त्याचं एखादं १९८५ सालचं ध्वनिमुद्रण उचलून सिनेमात टाकता येत नाही, कारण ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण असतं. नवी चाल असेल तर संगीतकाराचा हक्क निराळा. यूट्यूबवरच्या आपल्या विनोदी मालिकांना कॉपीराइटचे क्लेम येतात ते बहुधा इथेच. गावातला हलगीवाला आणि गायिका घेऊन नव्याने मुद्रण करा, त्यांच्या सह्या घ्या. गीतकार-संगीतकारांनी रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं की येणाऱ्या रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा कायद्यानेच सोडून देता येत नाही, भले करारात काहीही लिहिलेलं असो.

आता निर्मात्यांच्या बाजूचं. रानातल्या सिनेमात बैल असतोच, आणि त्यासाठी भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी काढावी लागते. तो कागद सगळे जपतात, कारण त्याशिवाय सेन्सॉरचं प्रमाणपत्र अडतं. लेखकाच्या करारावाचून प्रमाणपत्र अडल्याचं क्वचितच दिसतं, म्हणून तो कागद राहून जातो. प्रमाणपत्राच्या अर्जाला लेखकाच्या सहीचा करार जोडणं सक्तीचं करावं, असं मला मनापासून वाटतं. यात निर्मात्याचंही भलं आहे. ओटीटीवाले किंवा वाहिन्या सिनेमा विकत घेताना कथेपासून गाण्यापर्यंत हक्कांची सगळी साखळी मागतात. एक सही नसली की सौदा लटकतो, आणि त्या वेळी लेखकाला शोधत गावाकडे यावं लागतं.

आणि चोरी झालीच, तर मुंबईला खेटे घालावे लागतील या धास्तीने गप्प बसू नका. कलम ६२ प्रमाणे लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. हिंगोलीचा लेखक हिंगोलीतच. दाव्याची किंमत ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो व्यावसायिक न्यायालयाकडे जातो आणि आधी मध्यस्थी करावी लागते. तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर ती अट नाही. त्यामुळे प्रदर्शनाची तारीख जाहीर झाल्या झाल्या वकिलाकडे जा. पटकथेचा ईमेल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि टोकनची बँक नोंद सोबत न्या, आणि फोन बदलण्याआधी त्या सगळ्याची प्रत काढून ठेवा.