स्पीकरची केबल बदलली की आवाज बदलतो? कधी बदलतो, कधी नाही

‘केबल ही अ‍ॅम्प्लिफायरइतकीच महत्त्वाची. स्टिरिओच्या बजेटचे २० टक्के केबलसाठी ठेवा.’ अशी सुरुवात असलेला लांबलचक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने पहिल्यावहिल्या स्टिरिओच्या ५० हजारांतले १० हजार केबलसाठी बाजूला काढले, म्हणजे स्पीकर एक पायरी खालचे घ्यायचे ठरवले. त्या मजकुरातला एकेक मुद्दा घेतो.

‘नवी केबल २०० तास वाजल्याशिवाय खुलत नाही.’

सगळ्यात आधी हाच, कारण खिशाला सर्वात जास्त चाट यानेच बसते. तांब्याच्या तारेतून काही अँपिअर करंट गेला की ती किंचित गरम होते, बंद केलं की थंड होते. कायमचं काही बदलत नाही. ‘इन्सुलेशन सेट होतं’ असंही त्यात लिहिलंय. पाच मीटर केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) काहीशे पिकोफॅरड असते आणि तिच्या टोकाला असतो ०.१ ओमपेक्षाही कमी आउटपुट रेझिस्टन्सचा अ‍ॅम्प्लिफायर. त्या इन्सुलेशनमध्ये काहीही झालं तरी अ‍ॅम्पला पत्ता लागणार नाही. नव्या स्पीकरचं सस्पेन्शन (पडदा धरून ठेवणारी लवचीक कड) सुरुवातीला थोडं सैल होतं हे खरं, आणि आपला कानही सरावतो. ते श्रेय केबलला द्यायचं कारण नाही. आता हिशेब करा: रोज तीन तास ऐकलं तर २०० तास व्हायला ६७ दिवस लागतात. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची मुदत साधारण ७ ते १० दिवसांची. फरक जाणवला नाही तर ‘अजून वाजवा’ हे उत्तर तयार, आणि तोवर पैसे अडकलेले.

‘बाणाच्या दिशेनेच केबल जोडा.’

५० हर्ट्झच्या सुरात करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. तो बाण कुठल्या दिशेचा? प्लेअर आणि अ‍ॅम्पमधल्या काही शील्डेड (बाहेरची खरखर अडवणारं जाळीचं आवरण असलेल्या) केबलवर बाणाला अर्थ असतो, कारण तिथे शील्ड एकाच टोकाला जोडलेलं असतं. स्पीकरच्या साध्या दोनपदरी केबलला शील्डच नसतं.

‘स्किन इफेक्टमुळे उंच सूर मरतात, म्हणून चांदी हवी.’

स्किन इफेक्ट म्हणजे उंच सुरांचा करंट तारेच्या पृष्ठभागाजवळून वाहणं. २० किलोहर्ट्झला तांब्यात तो साधारण ०.४७ मिमी खोलीपर्यंत वाहतो. अडीचच्या (म्हणजे अडीच स्क्वेअर एमएमच्या) वायरचा व्यास १.८ मिमीच्या आसपास. पाच मीटरच्या जोडणीत यामुळे वाढणारा रेझिस्टन्स जेमतेम ०.०२ ओम. आठ ओमच्या स्पीकरला त्याने काही होत नाही. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास जास्त. तेवढं हवं असेल तर वायर थोडी जाड घ्या.

‘दोन्ही केबल अगदी समान लांबीच्या हव्यात, नाहीतर आवाज मागेपुढे पोचतो.’

एक मीटर जास्त केबलने सिग्नलला सुमारे ५ नॅनोसेकंद उशीर होतो. तेवढ्या वेळात आवाज हवेत मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाइतकाही सरकत नाही. पुढे.

‘जाड केबलने बास घट्ट होतो.’

इथे अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा एकूण अडथळा, सगळ्या सुरांना एकसारखा नसतो. आठ ओम छापलेला स्पीकर कुठे ३.५ तर कुठे २० ओम असतो. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या पातळ वायरने पाच मीटर जोडलं तर जाऊन-येऊन १० मीटरचा रेझिस्टन्स ०.३९ ओम. म्हणजे ३.५ ओमला ०.९ डेसिबल घट, २० ओमला ०.२ पेक्षा कमी. हा फरक कानाला कळू शकतो. तीच जोडणी अडीचच्या वायरने केली तर रेझिस्टन्स ०.०८ ओम आणि फरक ०.१६ डेसिबल. त्यापुढे डॅम्पिंगच्या (वूफरची, म्हणजे बासच्या स्पीकरची, हालचाल आवरण्याच्या) नावाने पैसे घालणं व्यर्थ, कारण वूफरच्या कॉइलचाच ५-६ ओम रेझिस्टन्स त्याच वाटेत बसलेला असतो.

फ्रेड डेव्हिस यांनी जून १९९१मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये १२ केबलची मोजमापं प्रसिद्ध केली. केबलमध्ये मोजता येणारे फरक असतात हे त्यांनी दाखवलं. पण घरगुती लांबीला १२ गेज, म्हणजे सुमारे ३.३ स्क्वेअर एमएम, पुरून उरतं असंच त्यांनी म्हटलं. अपवाद इलेक्ट्रोस्टॅटिक (कॉइलऐवजी विद्युतभाराने पातळ पडदा हलवणाऱ्या) स्पीकरचा: काहींचा इम्पिडन्स २० किलोहर्ट्झला एक ओमपर्यंत उतरतो, तिथे केबलचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला विरोध करण्याचा गुण) आड येतं. उलट, दाट विणीच्या काही महागड्या केबलची कपॅसिटन्स इतकी जास्त असते की काही अ‍ॅम्प अस्थिर होऊन ऑसिलेट करतात (स्वतःहूनच कंप निर्माण करतात). पैसे देऊन अ‍ॅम्प धोक्यात घालायचा.

मग केबल बदलल्यावर ‘आवाज खुलला’ असं लोक सांगतात ते खोटं का? बरेचदा नाही. मुंबईत, कोकणात दमट हवेने तांब्याची उघडी टोकं हिरवी-काळी पडतात, टर्मिनलचा स्क्रू सैल होतो. केबल बदलताना टोक ताजं होतं, पकड घट्ट बसते. किंवा आधी एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेले असतात, त्यामुळे बास गायब आणि गायकाचा आवाज मध्यभागी येत नाही. नव्याने जोडताना ते आपोआप सुधारतं. जुनीच केबल दोन सेंटिमीटर कापून, सोलून, पुन्हा घट्ट बसवा. हे केल्याशिवाय नव्या केबलची तुलनाच करू नका.

भाच्याला सांगितलं ते असं. हार्डवेअरच्या दुकानातून अडीचची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर, लाल आणि काळी, हवी तेवढी मोजून घे आणि दोन्ही एकमेकींवर पीळ देऊन ने. पारदर्शक स्पीकर वायर स्वस्त मिळाली तर एक तार ब्लेडने खरवड. आत पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, रेझिस्टन्स सुमारे दीडपट. १० मिमी सोल, स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नकोस, कारण दाबाखाली ते बसतं आणि पकड सुटते. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये, अ‍ॅम्प जाईल. खात्री करायची तर ६० हर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोज: अ‍ॅम्पच्या टोकाला २.०० असेल तर स्पीकरपाशी १.९६च्या वर हवं. तेवढं असेल तर केबलचं काम झालं. ते १० हजार स्पीकरमध्ये घाल.