रुंद टायर टाकून जुनी स्पोर्ट्स कार सुधारत नाही

एक मजकूर सध्या सारखा फिरतोय, मलाच तो पाच-सहा जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की साठ-सत्तरच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारला बारीक टायर यायचे कारण तेव्हा दुसरं काही मिळतच नव्हतं, त्यामुळे आता १६ इंची अलॉय रिम आणि रुंद लो-प्रोफाइल (कमी उंचीचे) टायर टाका, ग्रिप वाढते, बाहेरचा व्यास जुळला की बाकी काही बघायला लागत नाही, मूळ साइझ तशीही बंद झालीये, गाडी कमी चालते म्हणून टायर नक्षी आहे तोवर वापरा, आणि वायर व्हीलमध्ये (तारांच्या स्पोकच्या चाकांत) ट्यूब टाकायची पद्धत आता सोडून द्या. वाचताना एकदम पटतं हो. त्यात अर्धंमुर्धं खरं आहे म्हणूनच तर मला ते जास्त धोक्याचं वाटतं. एकेक मुद्दा घेतो.

“दुसरं मिळत नव्हतं म्हणून बारीक टायर”

थोडं खरं आहे. मिशलिनचा एक्स हा रेडियल टायर (आतल्या दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या) १९४९ पासून बाजारात होता तरी १९६१ ची जग्वार ई-टाइप आणि १९६२ ची एमजीबी या ब्रिटिश गाड्या जुन्या पद्धतीच्या क्रॉस-प्लायवरच (दोऱ्या तिरप्या, एकमेकींवरून) आल्या, आणि त्यांना पुढे रेडियल बसले ते बरंच झालं. पण रेडियल आले म्हणून लगेच कोणी दुप्पट रुंद टायर लावले नाहीत. १९६४ च्या पोर्शे ९११ ला १५ इंची रिम होती, रुंदी फक्त साडेचार इंच, टायर १६५ चा, म्हणजे १६५ मिमी रुंद, रेडियल. स्प्रिंग किती मऊ, कॅम्बर (चाकाचा उभा कल) किती, स्टिअरिंग किती जड हे सगळं त्या टायरला धरून बसवलेलं असतं, टायर हा सस्पेन्शनचाच भाग आहे. आणि अगदी २०१२ साली, सगळं काही मिळत असताना, टोयोटाने ८६ या स्पोर्ट्स कारला प्रियसला यायचा तसला २१५ चा साधा टायर दिला, मुद्दाम, गाडी कमी वेगातही चालवणाऱ्याशी बोलावी म्हणून. बारीक टायर म्हणजे नाइलाज असं समजणाऱ्यांनी हे बघावं.

“रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप”

इथे जरा थांबू, कारण सगळा घोळ इथेच आहे. टायर रुंद केला की रस्त्याला टेकणारी जागा त्याच प्रमाणात वाढते असं बहुतेकांना वाटतं, तसं होत नाही. गाडी १००० किलोची धरा, एका चाकावर २५० किलो, हवा २८ पीएसआय म्हणजे जवळजवळ २ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, मग टेकणारी जागा साधारण १२५ चौरस सेंटिमीटर येते. हा ढोबळ हिशोब आहे, साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या भिंतीचा) ताठपणाही थोडं वजन पेलतो, पण मुद्दा कळावा. हवा तीच ठेवून टायर रुंद केला तर ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो, आधी लांबट होती ती आता आडवी होते. आडव्या पट्ट्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळणात फायदा होतो, हे मी नाकारत नाही. पण पावसात तोच आडवा पट्टा पाण्यावर लवकर तरंगतो आणि बारीक टायर पाणी कापत जातो. हलक्या गाडीखाली हा फरक जास्त जाणवतो कारण टायरला खाली दाबणारं वजनच कमी.

शिवाय ग्रिप किती आहे याच्याइतकंच ती सुटते कशी हेही महत्त्वाचं. जुन्या उंच साइडवॉलचा टायर हळूहळू घसरायला लागतो, स्टिअरिंग हातात हलकं होत जातं, तुम्हाला कळतं की आता पुरे. रुंद लो-प्रोफाइल टायर बराच वेळ घट्ट धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो, तेही जास्त वेगात. माझ्या मित्राच्या एमजीबीला आधीच्या मालकाने २०५ चे टायर बसवले होते, मी ती चालवली तेव्हा पार्किंग करताना दोन्ही हातांनी जोर लावायला लागत होता आणि रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे गाडी ओढली जात होती. मग त्याने १६५ चे नवे टायर टाकले आणि पहिल्याच वळणाला मला वाटलं ही गाडी वेगळीच आहे, इतकी हलकी, इतकी सरळ सांगणारी.

आणि ज्यांच्या गाडीला मागे स्विंग अॅक्सल (चाक आणि त्याचा दांडा एका सांध्याभोवती एकत्र वर-खाली हलतात) आहे त्यांनी हे नक्की वाचा, म्हणजे १९६२ पासूनच्या सुरुवातीच्या ट्रायम्फ स्पिटफायर, पोर्शे ३५६, मर्सिडीज ३०० एसएल गलविंग. या गाड्यांत वळणात मागचा भाग वर उचलला जातो आणि बाहेरचं चाक आतल्या बाजूला दुमडायला लागतं. हे होतं टायरच्या आडव्या जोराने. म्हणजे मागे जितकी ग्रिप जास्त तितका उचलणारा जोर जास्त. ग्रिप वाढवा हा सल्ला इथे सरळ उलटा पडतो.

“व्यास जुळला की झालं”

एमजीबीचंच घ्या. १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिमी, प्रोफाइल म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) चा व्यास साधारण ६२० मिमी, २०५/५० आर १६ चा ६११, जुळला म्हणायचं. पण पहिल्यात साइडवॉल १३२ मिमी आहे आणि दुसऱ्यात जेमतेम १०२. त्या ३ सेंटिमीटरमध्ये जो खड्डा जिरत होता तो आता बेअरिंग, बुश आणि चॅसीवरच्या जोडांवर जातो, आणि ते जोड पन्नास-साठ वर्षांचे आहेत. रिमचा ऑफसेट (चाक गाडीच्या किती आत किंवा बाहेर बसतं ते) बदलला की चाक वळण्याचा केंद्रबिंदूच सरकतो, स्टिअरिंगला झटके येतात, बेअरिंगवर वाकडा भार येतो. मडगार्डला टायर घासतो का हे सगळे बघतात, हे कोणी बघत नाही. एमजीबीच्या साध्या वायर व्हीलला ६० स्पोक असतात, त्यांच्यावर रुंद टायरचा आडवा जोर टाकलात तर स्पोक ढिले होतात, मग तुटतात.

आणि व्यास नाहीच जुळला, समजा १९५/४५ आर १५ टाकले, तर व्यास ५५६ वर येतो, मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ९० ने चाललेली असेल आणि गाडी जमिनीच्या ३ सेंटिमीटर जवळ आलेली असेल.

“मूळ साइझ मिळत नाही”

मिळते. पिरेलीचा सिंटुराटो सीएन३६, मिशलिनचे एक्सएएस आणि एक्सडब्ल्यूएक्स आजही जुन्या नक्षीत नव्याने बनतात. महाग आहेत, मागवायला लागतात, हे मान्य. फक्त मिशलिनचे टीआरएक्स ज्यांच्या गाडीला आहेत त्यांना पर्याय कमी, कारण त्या रिमचं मापच मिलिमीटरमध्ये आहे, ३९० वगैरे, त्यावर नेहमीचा इंची टायर बसत नाही आणि कोणी बसवून देतो म्हणाला तरी बसवू देऊ नका. जुन्या १६५ आर १५ अशा मापात प्रोफाइल लिहिलेलं नसतं, ते ८० च्या आसपास धरायचं. वेगाचं अक्षर बघा, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत, व्ही म्हणजे २४०, मूळ टायरपेक्षा खालचं घेऊ नका.

“नक्षी आहे तोवर चालतो”

हा सगळ्यात घातक मुद्दा. क्लासिक गाडीचा टायर सहसा झिजून जात नाही, वयाने जातो. रबर कडक होतं, आणि ते टिकावं म्हणून त्यात जी रसायनं घातलेली असतात ती टायर फिरत, दबत राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतात, म्हणजे उभ्या गाडीचा टायर उलट लवकर खराब होतो. साइडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे बघा, ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा आहे. मला माझ्याच डिकीतल्या स्टेपनीवर तीन आकडे सापडले होते, नक्षी अगदी कोरी, आणि मी वर्षानुवर्षं ती “भरवशाची” म्हणून घेऊन फिरत होतो. २०१३ मध्ये हॉलिवूडचा अभिनेता पॉल वॉकर अपघातात ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत गेला तिचे टायर ९ वर्षांचे होते, तपासात मुख्य कारण वेगच निघालं पण टायरच्या वयाचाही उल्लेख झाला. ब्रिटनने २०२१ पासून बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना १० वर्षांपेक्षा जुने टायर बंद केले. मी स्वतः सहाव्या वर्षापासून दरवर्षी टायर काढून आतून तपासतो आणि दहाव्याला थांबतो, नक्षी कितीही असो.

“वायर व्हीलला ट्यूब नको”

स्पोकची टोकं रिमच्या आरपार येतात, प्रत्येक भोकातून हवा जाते, म्हणून ट्यूब. कारखान्यातूनच सील करून आलेली नवी वायर व्हील सोडली तर ट्यूब लागतेच, आणि ट्यूब व स्पोकच्या टोकांमध्ये रबराची पट्टीही. ट्यूब रेडियलसाठीची आणि त्याच मापाची घ्या. अजून एक, नव्या टायरच्या आत कागदी लेबल चिकटवलेली असतात, ती काढली नाहीत तर आत ट्यूब घासत राहते. माझी एक ट्यूब अशीच गेली, बसवणाऱ्याने लेबल तसंच ठेवलं होतं, चांगल्या वेगात होतो आणि मागचं चाक दोन सेकंदांत बसलं. तेव्हापासून ट्यूब आत जायच्या आधी मी स्वतः टायरमध्ये हात घालून सगळीकडून फिरवून बघतो.