कव्हर काढा हो, काही होत नाही

द्राक्षाची छाटणी तोंडावर आलीय, म्हणजे आता नाशिकच्या निफाड-दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात शेडोशेडी एखादा ट्रॅक्टर नाहीतर ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र) उघडा पडलेला असणार आणि भोवती चार जण सल्ले देत उभे असणार. मग माझेपण घ्या, फुकट आहेत.

इंजिन अजिबात बंद करू नका. चालू असलं की आवाजावरनं बिघाड कळतो म्हणे.

पायात स्लीपरच पाहिजे.

रोटरची, म्हणजे ट्रॅक्टरमागं माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराची, पाती बदलायचीत? हायड्रोलिक लिफ्टवर उचला आणि सरळ खाली घुसा. लाकडी ठोकळे, घोडी वगैरे घाबरटांसाठी. चार-पाचशे किलोचं वजन एका जुन्या सीलवर लटकलंय आणि सीटवर तुमचं पोरगं लिव्हरशी खेळतंय, एवढा भरवसा तर बायकोवरपण नसतो.

सेल्फ लागत नसेल तर मागच्या चाकापुढं उभं राहून पान्यानं स्टार्टर शॉर्ट करा. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर स्वतःच तुम्हाला भेटायला येईल.

हायड्रोलिकचा पाइप गळतोय तर बोट फिरवून शोधा. प्रेशरचं तेल बारीक भोकातनं कातडीच्या आत जातं, वरनं नुसता टिपका दिसतो, नंतर डॉक्टर हात चिरतात. द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा फिरवला तरी गळती सापडते, पण आपल्याकडं पुठ्ठा कुठाय, नाही का.

आता पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागनं अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा. परवा आमच्याकडं नवीन ब्लोअर आला, जोडून द्यायला आलेल्या पोरानं शाफ्ट हातात घेतला आणि पहिलं काम काय केलं तर त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर कटरनं उभं चिरून बांधाला फेकलं. मी म्हणलं अरे हे काय, तर म्हणतो "ग्रीस मारायला अडचण होते दादा, सगळेच काढतात." आणि घरचेच मला हसले! अरे मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ, गळ्यातल्या उपरण्याचं टोक नाहीतर शर्टाची बाही नुसती टेकली तरी तुम्ही क्लचकडं बघेपर्यंत सगळं गुंडाळून झालेलं असतं, त्यात हात पण आला. आणि ग्रीसची अडचण कसली? बऱ्याच कव्हरला ग्रीस मारायच्या निप्पलसाठी जागा दिलेली असते, नसली तर ट्रॅक्टर बंद करून कव्हर सरकवायचं, दोन मिनिटं लागतात. रील बघायला तासभर असतो तुमच्याकडं.

मळणीयंत्रात इतक्यांचे हात गेले की 1983 ला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला देशाला. तरी आपलं चालूच, काही होत नाही, काही होत नाही. ज्याचं झालं त्याला विचारा ना जाऊन, प्रत्येक गावात एकतरी सापडेल, डाव्या हातानं चहा पिणारा.

बास झाली चेष्टा. दुरुस्तीला हात घालायच्या आधी अवजार जमिनीला नाहीतर ठोकळ्यांवर टेकवा, इंजिन बंद करा, किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. शाफ्टला कव्हर लावा, तुटलं असेल तर नवीन आणा, पन्नास हजाराची औषधं उधारीवर उचलता तेव्हा हात आखडत नाही. आणि "सगळेच काढतात" हे मला परत कोणी ऐकवायचं नाही.