कोथिंबीर नव्हे!

'रॉकमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोन म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर, गाणं उभं असतं ते गिटारवरच' हे तुमच्या रॉक संगीतावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. रोलिंग स्टोन्स बँडचं १९६५चं 'सॅटिस्फॅक्शन' हे गाणं घ्या. गिटारची इतकी गाजलेली सुरुवात, पण त्यांचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याच्या डोक्यात ती सुरांची ओळ ब्राससाठी, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी होती. फझ पेडल (आवाज खरखरीत करणारं यंत्र) लावून वाजवलेली गिटार त्याच्या लेखी नुसता कच्चा आराखडा. तो कच्चा आराखडाच बाजारात गेला आणि डोक्यावर घेतला गेला, हा भाग वेगळा! त्याच वर्षी अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगने ते गाणं केलं, तेव्हा ती ओळ खरोखरच ब्रासवर वाजली. मग कोथिंबीर कोण? आणि ब्रास वाजवणाऱ्या 'शिकागो' या अमेरिकन रॉक बँडचं नावही लेखात नसावं? जेम्स पँकोव हा त्यांचा ट्रॉम्बोनवाला ब्रासची बाजू जणू दुसरा गायक असल्यासारखी लिहायचा.

रॉकमध्ये ब्रास मागे पडतो, त्यामागची अडचण माझ्या मते वेगळीच असते. कॉलेजच्या बँडमध्ये मी ट्रम्पेट वाजवायचो. गिटारवाल्यांना 'ई' पट्टी लाडकी, मोकळ्या तारा आयत्या मिळतात ना! आमचा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजणारा; म्हणून आम्हाला पट्टी एक सूर वर धरावी लागते. त्यांनी 'ई' धरली की आम्ही एफ-शार्पमध्ये, सहा शार्प (अर्ध्या सुराने चढवलेले स्वर) सांभाळत घामाघूम. आम्हाला सोपं जावं म्हणून 'अर्धा सूर खाली घ्या रे' म्हटलं की गिटारवाल्याचं तोंड वाकडं. शेवटी मला दोन गाण्यांपुरतं स्टेजवर बोलवायला लागले. बाकी वेळ मी वायरी गुंडाळत बसायचो.