डबे मोजून विक्री काढणाऱ्या वाचकाला उत्तर

सर, तुमची कमेंट काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचली, लगेच लिहिलं असतं तर भाषा बिघडली असती म्हणून आज लिहितोय. जीएसटीवाल्यांनी आमच्या पोळी-भाजी केंद्राची विक्री पार्सलच्या डब्यांच्या खरेदीवरून अंदाजाने वाढवून धरली, मी त्याला हरकत घेतली, आणि तुम्ही म्हणता 'रडगाणं बंद करा, धंदेवाले सगळे असेच'. हे कुठलं बोलणं? मुद्दा खोडा की, कोण नाही म्हणतंय. तुमच्या पगाराबद्दल मी कधी काही बोललो?

रोखीची वही मधले काही आठवडे लिहिलेली नव्हती, हे तुमचं बरोबर. बास.

आता तुमचं ते वाक्य, 'जेवढे डबे तेवढ्या ऑर्डरी, साधं गणित आहे'. साधं? एक माणूस दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर नेतो तेव्हा चार डबे जातात आणि बिल एकच होतं. पोळ्या फॉइलमध्ये जातात, त्यांना डबा लागतच नाही. शेजारच्या आजी स्वतःचा स्टीलचा डबा आणतात, म्हणजे तुमच्या गणितात त्यांनी काही घेतलंच नाही! आणि आमटी सांडते म्हणून डब्यात डबा घालून द्यावा लागतो, ते वेगळंच. वडिलांच्या खाणावळीत गल्ल्याशेजारी बसून मी अभ्यास केलाय, डबा कुठे जातो हे मला एक्सेलवाल्याने शिकवू नये.

आणि झोमॅटो-स्विगी? १ जानेवारी २०२२ पासून त्या ऑर्डरींवरचा ५ टक्के जीएसटी ॲपवालेच भरतात, डबा मात्र माझ्या खरेदीतला. सगळे डबे मोजून कर माझ्यावर लावला तर त्याच आमटीवर दोनदा कर झाला की नाही, सांगा ना.

१९७३ चा सुप्रीम कोर्टाचा इसुफअली निकाल तुम्ही तोंडावर फेकलात. तिथे हिशेबाबाहेरचं १९ दिवसांचं बिलबुक सापडलं होतं हो, त्यावरून अधिकाऱ्याने वर्षाच्या विक्रीचा अंदाज बांधला आणि कोर्टाने तो मान्य केला. माझ्याकडे काय सापडलं? रिकामे डबे. आधी पूर्ण वाचत जा.

यूपीआयबद्दल जे लांबलचक लिहिलंय त्यात मी पडत नाही, ते आमचे सीए बघतील.

सुनावणीला डब्यांची बिलं आणि ॲपची महिन्यावारी स्टेटमेंटं घेऊन जातोय. तुमची कमेंट डिलीट करणार नाही, पण पुढच्या वेळी निदान स्वतःचं नाव लावून लिहा.